मदत हवी आहे : लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन क्लासचा सर्व्हे अडकलाय

नमस्कार मंडळी, मी इंदूरची, रामबागेत राहते, एमएडचं डिसर्टेशन (प्रबंध) चालू आहे, विषय म्हणजे २०२०-२१ मधे ऑनलाइन शिकलेली कॉलेजची मुलं किती समाधानी होती. गूगल फॉर्म केला, १ ते ५ वाली लायकर्ट स्केल (१ म्हणजे अजिबात पटत नाही, ५ म्हणजे पूर्ण पटतं), पण क्रोनबॅक अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) ०.७ च्या बराच खाली येतोय न गाईड मॅडम म्हणतात असं चालणार नाही. रात्री नीट बघितलं तर 'नेट सारखं जायचं', 'एकटं वाटायचं' असे प्रश्न उलटे आहेत (जास्त मार्क म्हणजे कमी समाधान) आणि मी त्यांचे मार्क फिरवलेच नाहीत 🤦 आता एक्सेलमधे ६ वजा उत्तर केलं की झालं ना, का अजून काही करावं लागतं?

दुसरं म्हणजे माझा मावसभाऊ, गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून लेक्चर ऐकायचा कारण रेंज तिथेच, तरी त्याने समाधानाला ५ दिलेत! विचारलं तर म्हणे अगं ताई, पेपर ओपन बुक होते ना, घरी बसून लिहिले. मग हे शिकवण्याचं समाधान कसं म्हणायचं? शिकवणं, नेट न परीक्षा वेगवेगळं मोजू का? फॉर्म तर भरून झालेत, परत कोणाला विचारणार. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा, सोमवारी मॅडमना दाखवायचंय.