मृगाआधी कॅम्परचं छत: कोणतं सीलंट, कुठे, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी

पहिली मेल

नमस्कार मंडळी,

धारणी तालुक्यात उभ्या असलेल्या कॅम्परबद्दल, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या गाडीबद्दल, विचारायचंय. ट्रॅव्हलर मिनीबसच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली गाडी आहे. मागचं छत एफआरपीचं (फायबर घातलेलं प्लास्टिक), पुढे केबिनच्या लोखंडी पत्र्याला जोडलेलं. छतावर १४ इंची एक व्हेंट (झाकणाचा झरोका), सौर पॅनेलचे आठ पाय आणि केबल आत जाते ती जागा. बाजूंना सरकत्या काचांच्या तीन खिडक्या. सगळीकडे जुनं पांढरं सिलिकॉन फासलेलं आहे आणि ते कडेने सुटून राहिलंय. पलंगाच्या डोक्याशी प्लायवूड फुगलंय. गावातले मिस्त्री म्हणतात, वरून डांबरी पट्टी मारू, दोन तासांत मोकळे. रोहिणी लागायच्या आत काम उरकायचं आहे. काय वापरावं आणि किती आणावं?

दर्यापूरकडचा, सध्या न्यू जर्सी

उत्तर १

भाऊ, डांबरी पट्टी नको, आणि जुन्यावर नवं सिलिकॉन तर मुळीच नको. डांबर मेच्या उन्हात वितळून ओघळतं, सावलीत ताठरतं, आणि पुढे कधी ते काढायचं म्हटलं तर एफआरपीचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत कडक थर, सोबत निघतो. छत रबराचं असतं तर तेलकट डांबराने रबरच फुगलं असतं.

सिलिकॉनचं दुखणं वेगळं. वाळलेल्या सिलिकॉनवर काहीच नीट धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे कामाचा मोठा वाटा म्हणजे जुनं काढणं. प्लास्टिकच्या खरवडणीने जाड थर काढा (लोखंडी पाते जेलकोट कापते), मग सिलिकॉन रिमूव्हर लावून डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा आणि पुन्हा खरवडा. झालं का ते पाण्याने तपासा: पाणी शिंपडल्यावर ते पसरून पातळ थर धरत असेल तर जागा स्वच्छ आहे. थेंब गोळा होऊन पळत असेल तर सिलिकॉन अजून आहे. एफआरपीवर हात फिरवून पांढरी भुकटी लागत असेल तर तो उन्हाने मेलेला जेलकोट. स्कॉचब्राइटने घासून खालचा घट्ट थर लागेपर्यंत काढा, नाहीतर सीलंट भुकटीला चिकटेल आणि भुकटीसकट उठेल.

पुसायला रॉकेल वापरू नका. गावात तेच हाताशी असतं, पण त्याचा तेलकट पापुद्रा मागे राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. एका फडक्याने ओलं पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्याने. फडकी पांढरी सुती असू द्या, म्हणजे मळ येतो की नाही ते दिसतं. पुढे पॉलियुरेथेन लावणार असाल तर दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. ओल्या अल्कोहोलवर पॉलियुरेथेन पक्कं होत नाही, चिकटच राहतं.

आता कुठे काय. पाणी अडवायचं ते फ्लॅंजच्या, म्हणजे फ्रेमच्या छतावर-भिंतीवर टेकणाऱ्या सपाट कडेच्या, खाली. वरचा थर फक्त त्याचं रक्षण करतो. म्हणून व्हेंट आणि खिडक्या उचलून त्यांच्या फ्लॅंजखाली ब्यूटाइल टेप (चिकट, मऊ रबरी पट्टी) घाला, ३ मिमी जाड, २० ते २५ मिमी रुंद. ती सहसा वाळून कडक होत नाही, म्हणून पत्रा हलला तरी धरून राहते. टेप फ्लॅंजला लावा, टोकं एकमेकांवर १० मिमी चढवा, आणि हा जोड उताराच्या वरच्या बाजूला येऊ देऊ नका. स्क्रू समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळा. टेप कडेने सगळीकडे सारखी बाहेर डोकावली की थांबा. पूर्ण पिळून काढलीत तर फ्लॅंजखाली काही उरणार नाही. मिलिमीटर-दीड मिलिमीटर आत राहिली पाहिजे. एक दुपार उन्हात जाऊ द्या, टेप मऊ होऊन बसते, मग पुन्हा एकदा आवळा आणि बाहेर आलेली प्लास्टिकच्या पात्याने कापा.

व्हेंटच्या फ्लॅंजवर आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सेल्फ-लेव्हलिंग लॅप सीलंट. ते आपोआप पसरतं, म्हणून सपाट जागीच चालतं. उभ्या कडेला लावलंत तर ओघळ खाली येईल. तिथे न ओघळणारं हवं: एमएस पॉलिमर, म्हणजे हायब्रिड. उन्हात टिकतं, रंग घेतं, लोखंड आणि एफआरपी दोन्ही धरतं. पॉलियुरेथेन, सिकाफ्लेक्स २२१ सारखं, पकडीला उत्तम, पण उघड्या उन्हात पांढरं पिवळं पडून वर खडूसारखं होतं. ते झाकलेल्या सांध्यात वापरा. व्हेंटचं झाकण अ‍ॅक्रिलिक किंवा एबीएसचं असेल तर त्याला ते लावूच नका, प्लास्टिकला बारीक तडे जातात.

आंबट वासाचं सिलिकॉन स्वयंपाकघराच्या ओट्यापुरतं ठीक. त्यातलं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पत्र्याला गंज आणतं.

अचलपूरचा, सध्या कॅल्गरी

उत्तर २

नमस्कार. वरच्या काकांचं सगळं बरोबर. मला केबिनच्या सांध्याबद्दल आणि वेळेबद्दल सांगायचंय, कारण आपल्याकडे गळतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

लोखंड तापून जितकं वाढतं त्याच्या साधारण दुप्पट एफआरपी वाढतं. दोन मीटर रुंदीच्या सांध्यावर ५० अंशांच्या फरकात लोखंड सव्वा मिमी वाढेल, एफआरपी अडीचच्या आसपास. म्हणजे दोन कडा एकमेकींपासून मिलिमीटरभर सरकतात, रोज. बऱ्याच सीलंटला रुंदीच्या पाव भागाइतकीच हालचाल झेपते. फट २ मिमीची असेल तर अर्धा मिमी, म्हणजे ते फाटणारच. फट ६ मिमीची केलीत तर दीड मिमी झेपते. म्हणून हा सांधा नुसता वरून भरू नका. जुनं काढून फट ६ मिमीपर्यंत मोकळी करा, तळाशी फटीपेक्षा किंचित जाड गोल फोम दोरी दाबा, वर ३ ते ४ मिमी खोल एमएस पॉलिमर भरा. सीलंट फोमला चिकटत नाही, फक्त दोन कडांना धरतं आणि रबरासारखं ताणलं जातं. तीन बाजूंनी चिकटलं तर मधूनच तुटतं. लोखंडाच्या कडेला गंज असेल तर आधी घासून झिंक प्रायमर आणि रंग, मग सीलंट.

वेळेबाबत बरेच लोक सकाळी सहाला सुरुवात करतात. मी संध्याकाळ सांगेन. सकाळी लावलेल्या थराला तीन तासांत हात न ठेववेल असा पत्रा मिळतो. आतली हवा आणि सॉल्व्हंट (सीलंटमधलं उडून जाणारं द्रव) फुगून बुडबुडे येतात, आणि प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढचं भोक. सूर्य कलल्यावर, तळहात पत्र्यावर निवांत ठेवता येईल तेव्हा, साधारण साडेसहाला काम सुरू करा. पत्रा ४० अंशांच्या वर असेल तर थांबा. त्याआधी तासभर सावलीसाठी ताडपत्री बांधली तर बरंच सोपं होतं. वावटळ सुटली तर काम बंद. काळ्या मातीची धूळ ताज्या थरावर बसली की वरचा दुसरा थर धरत नाही.

दुसरं, मे महिन्यातली कोरडी हवा. एमएस पॉलिमर आणि पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावर पक्कं होतं. २३ अंश आणि निम्मी आर्द्रता धरून दिवसाला साधारण ३ मिमी खोल जातं. आपल्याकडे दुपारी आर्द्रता फार खाली येते. वरची कातडी पटकन येते आणि आतलं कच्चं राहतं, त्यामुळे हाताला कोरडं लागलं म्हणून फसू नका. कातडी आल्यावर रोज संध्याकाळी पाण्याचा बारीक फवारा द्या. आठवडाभर गाडी हलवू नका. लॅप सीलंटची गोष्ट उलटी. ते सॉल्व्हंट उडून वाळतं, त्याला फवाऱ्याचा उपयोग नाही, आणि पूर्ण पक्कं व्हायला महिना लागू शकतो. म्हणून रोहिणीची वाट पाहू नका. एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात लावा, म्हणजे ७-८ जूनला मृग लागेपर्यंत वेळ मिळतो.

मापं: ३१० मिलीची एक ट्यूब ६ बाय ६ मिमीच्या पट्टीला साडेआठ मीटर पुरते. तुमच्या व्हेंटचा परिघ फ्लॅंजसकट सुमारे १.६ मीटर. २५ मिमी रुंद, ४ मिमी जाड थराला १६० मिली, स्क्रूची डोकी धरून २००. पॅनेलचे पाय आणि केबलची पेटी धरून लॅप सीलंटच्या दोन ट्यूब आणा. एमएस पॉलिमरच्या दोन. खिडकी ९० बाय ५० सेंमीची असेल तर २.८ मीटर टेप, तीन खिडक्या आणि व्हेंट मिळून दहा मीटर. बारा आणा.

ट्यूब घेताना तारीख बघा. टिनाच्या छताच्या गोदामात उन्हाळा काढलेली ट्यूब मुदतीत असूनही आत गाठी धरते. हातात दाबून बघा, कडक लागली तर परत करा. घरी मातीच्या भिंतींच्या थंड खोलीत ठेवा.

वणीची, सध्या फिनिक्स

पहिल्या मेलवाल्यांचा प्रश्न

दोघांचे आभार. खिडक्यांना बाहेरून चारही बाजूंनी सीलंटची पट्टी मारू का? आणि पाणी नेमकं कुठून येतं हे कळायचं कसं?

उत्तर १ चा पुढचा भाग

चारही बाजूंनी मारू नका. खिडकीच्या फ्रेमला खालच्या बाजूने बारीक खाचा असतात, रुळात साचलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. त्या बुजल्या की तेच पाणी आत भिंतीत उतरतं. वरची आणि दोन्ही बाजूंची कड भरा, खालची मोकळी. खाचांत काळी माती भरलेली असेल तर तारेने साफ करा.

गळती शोधायला पाइपने खालून वर जा. आधी खिडकीची खालची कड दहा मिनिटं, मग बाजू, मग वर, मग छताची कड, शेवटी व्हेंट. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काही कळत नाही. आत एक जण टॉर्च घेऊन बसू द्या. डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरतं असं नाही. ते प्लायवूडच्या मागून आडव्या लाकडी पट्टीवर वाहत जाऊन भलतीकडे उतरतं, त्यामुळे पलंगाच्या डोक्याशी फुगलंय म्हणजे दोष केबिनच्या सांध्यातही असू शकतो. दुसरी रीत: खिडक्या-व्हेंट बंद करून एका खिडकीत पुठ्ठ्यातून वर्कशॉपचा ब्लोअर बसवा, आत हलका दाब द्या, बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले तिथे फट. यासाठी कूलर वापरायचा मोह होईल. कूलरचा पंखा हवा भरपूर फेकतो, पण दाब धरत नाही.

फुगलेलं प्लायवूड आधी वाळवा. ओलं लाकूड आत ठेवून वरून बंद केलंत तर ते बाहेर न येता कुजत राहतं. सुई खुपसून बघा, सहज आत गेली तर तेवढा तुकडा बदला, कारण कुजलेल्या लाकडात स्क्रू धरत नाही.

उत्तर २ कडून

एक राहिलं. गाडी काळ्या मातीवर उभी असेल तर पावसात एक चाक बसतं आणि सगळा सांगाडा पिळतो. मग तोच केबिनचा सांधा उघडतो. चारही चाकांखाली मुरूम टाकून ठोकून घ्या, आणि मागची बाजू किंचित खाली ठेवा म्हणजे पाणी केबिनच्या सांध्याशी थांबणार नाही. मोहाच्या झाडाखालीही लावू नका. फांद्यांवरून वानरं छतावर उड्या घेतात, आणि पाचोळा व्हेंटच्या मागे साचून ओलावा धरतो.

आणि इथून, परदेशातून, कुणी गावी जात असेल तर त्यांच्यासोबत ब्यूटाइल टेप द्या. ज्वलनशील सॉल्व्हंट असलेल्या ट्यूब विमानाच्या कुठल्याच सामानात चालत नाहीत. लॅप सीलंट तिकडे भारतातच मागवा. न मिळाल्यास फ्लॅंजवरही एमएस पॉलिमर घेऊन ओल्या बोटाऐवजी कोरड्या प्लास्टिकच्या पट्टीने बाहेरच्या बाजूला उतार देत घोटा.