पहिलं संशोधन अनुदान कुठे मागावं?

प्रश्न: मी नागपुरात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर संशोधन करते. वय ३८, महाविद्यालयात कायम नोकरी. फ्लो सायटोमीटर (पेशी मोजणारं, तपासणारं यंत्र) दुसरीकडे तासाच्या भाड्यानं वापरते. गेल्या वर्षी प्रस्ताव परत आला, शेरा एकच : ‘प्राथमिक निष्कर्ष अपुरे’. फार लागलं मनाला.

उत्तर १: ताई, एएनआरएफचं (केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं) पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान बघा. वयोमर्यादा ४२ आहे, म्हणजे वेळ आहे. पूर्वी अनुदान देणारं एसईआरबी हे मंडळ आता एएनआरएफमध्येच विलीन झालंय.

उत्तर २: मी प्रस्ताव आयसीएमआरकडेच (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) पाठवेन. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३ पासून चालू आहे, विदर्भातले रुग्ण तुमच्या ओपीडीत रोज येतात. हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. रुग्णांवरच्या संशोधनाला लागणारी नैतिकता समितीची मंजुरी मात्र आजच मागा, तिथेच महिने जातात.

उत्तर ३: तपासणी किट बनवणार असाल तर बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचं ‘बिग’ अनुदान, ५० लाखांपर्यंत.

प्रश्नकर्ती: किट नाही. आयसीएमआरचा मसुदा आज रात्रीच उघडते.