शिक्षेची भीती की तपासणीची खात्री?

काका: दारू पिऊन वाहन चालवणाऱ्यांची शिक्षा सरकारने दुप्पट करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. एका दोषी माणसासाठी शंभर निर्दोष चालकांना नाकाबंदीत ताटकळत ठेवणे मला पटत नाही.

ताई: काका, आपला आदर राखूनच मी असहमती नोंदवते. मैफलीतून उठून गाडीकडे निघालेला माणूस कायद्याचे कलम आठवत नाही; आज रात्री आपल्याला कोणी अडवणार आहे का, एवढाच विचार त्याच्या मनात असतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर 1982 मध्ये, संशय असो वा नसो, कोणत्याही चालकाची श्वासचाचणी घेण्याचा अधिकार पोलिसांना दिला, या चाचण्या सर्वांना दिसतील अशा भर रस्त्यावर घेतल्या, त्यांची सातत्याने प्रसिद्धी केली, आणि रस्त्यांवरील मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. ज्यांना आपण विनाकारण थांबवलेले म्हणता, तेच घरी जाऊन ‘आज मलाही थांबवले होते’ असे सांगतात, आणि माझ्या मते धाक बसतो तो या सांगण्यातून.

याउलट स्कॉटलंडने डिसेंबर 2014 मध्ये 100 मिलिलिटर रक्तातील अल्कोहोलची मर्यादा 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आणली. मात्र 2018 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे अपघात कमी झाल्याचे दिसले नाही, आणि कायद्याला पुरेशा तपासणीची जोड मिळाली नसावी, अशी शक्यता संशोधकांनी मांडली.

दादा: अमली पदार्थांचे काय? श्वासचाचणीत गांजा कळत नाही.

ताई: त्यासाठी लाळेची चाचणी करतात, ऑस्ट्रेलियातीलच व्हिक्टोरिया राज्याने ती 2004 पासून रस्त्यावर सुरू केली. खरी अडचण पुढे आहे. गांजातील टीएचसी हा घटक शरीरातील चरबीत साठतो आणि नियमित सेवन करणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यानंतरही सापडू शकतो, त्यामुळे रक्तातील आकड्यावरून चालकाची अवस्था दारूइतक्या स्पष्टपणे सांगता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 पासून वेगवेगळ्या पदार्थांसाठी वेगवेगळ्या मर्यादा आहेत, आणि त्या यादीत डॉक्टरांनी लिहून दिलेली काही औषधेही येतात. सर्वांना एकच माप लावण्यापेक्षा हे मला अधिक न्याय्य वाटते.

काका: म्हणजे रात्री झोपेची गोळी घेऊन सकाळी गाडी काढणाऱ्यालाही हा प्रश्न लागू होतो का?

ताई: होय, काका. काही गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत टिकतो, म्हणून डॉक्टरांना तसे स्पष्ट विचारून घ्यावे. दारूचेही तेच आहे. यकृत ती आपल्याच गतीने बाहेर काढते, आणि कॉफीने किंवा थंड पाण्याने ती गती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत भरपूर प्यायलेला माणूस सकाळी स्वतःला पूर्ण शुद्धीत समजत असला, तरी चाचणीत तो मर्यादेच्या वर आढळू शकतो.

काका: तसे असेल, तर नाकाबंदी सकाळीही असावी. शिक्षेविषयी माझे मत कायम आहे, पण तपासणीला मी यापुढे विरोध करणार नाही.