मदत हवी आहे: सॉनिक २ (८-बिट), गेम गिअर की मास्टर सिस्टिम? पहिलाच बॉस पार होत नाही

तळघर

८-बिट सॉनिक २ खेळतोय (सेगाचा खेळ, टीव्हीला जोडायच्या मास्टर सिस्टिमवर आणि हातात धरायच्या गेम गिअरवर निघालेला). जुन्या खेळांच्या एका संचात मिळालाय, यंत्र टीव्हीला जोडलेलं आहे. अंडर ग्राउंड झोनचा तिसरा ॲक्ट, म्हणजे अगदी पहिला बॉस, काही केल्या सुटत नाही. आपण उतारावर उभे, डावीकडून टप्पे घेत गोळे येतात आणि उजवीकडे खाली तो जबडेवाला यांत्रिक किडा टपून बसलेला. गोळा दिसतो तोवर अंगावर आलेला असतो. या ॲक्टमध्ये रिंगही नाहीत, त्यामुळे एक धक्का लागला की जीव गेला.

शोधाशोध केल्यावर लोक म्हणतात की मास्टर सिस्टिमवर हाच बॉस बराच सोपा आहे. हे खरं आहे का? खरं असेल तर फरक नेमका कशाने पडतो? माझा टीव्ही चांगला मोठा आहे, म्हणजे लहान स्क्रीनची अडचण मला यायला नको. कंट्रोलर वायरचा आहे, बटणं ठीक आहेत. इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळायचीही तयारी आहे, दोन्ही आवृत्त्यांची कार्ट्रिज आणि त्यांच्या प्रती आहेत. कुठली आवृत्ती घ्यावी आणि काय सेट करावं ते सांगा.

माळावरची_पेटी

सॉनिक २ मध्ये स्पिन डॅश आहे ना? खाली दाबून उडीचं बटण मारायचं, उतार झरकन चढता येतो.

झेड८०

पेटी, तो मेगा ड्राइव्हचा, म्हणजे सेगाच्या १६-बिट यंत्राचा सॉनिक २. दोन्ही १९९२ चेच आणि नाव एकच, पण खेळ पूर्ण वेगळे. मेगा ड्राइव्हवाला एमराल्ड हिल झोनने सुरू होतो, त्यात टेल्स (सॉनिकचा कोल्हा मित्र) सोबत पळतो आणि स्पिन डॅश तिथेच पहिल्यांदा आला. ८-बिटवाल्यात टेल्सला पळवून नेलेलं असतं, स्पिन डॅश नाही आणि सुरुवात थेट अंडर ग्राउंडने. मदत शोधताना या दोघांची गल्लत हमखास होते.

तळघर, तुमचं एक गृहीतक आधी दुरुस्त करायला हवं. टीव्ही किती इंची आहे याला इथे काहीच अर्थ नाही. महत्त्वाचं आहे ते खेळ तुम्हाला किती जग दाखवतो हे. मास्टर सिस्टिमचं चित्र २५६ × १९२ पिक्सेलचं. गेम गिअरचं १६० × १४४. गुणाकार केला तर ४९,१५२ विरुद्ध २३,०४०, म्हणजे निम्म्याहूनही कमी. आणि सॉनिक, गोळे, किडा यांचे आकार काही त्या प्रमाणात लहान केलेले नाहीत. जग तेवढंच आहे, खिडकी बारीक झाली आहे. ती खिडकी टीव्हीवर ताणली की गोळे मोठे दिसतील, लवकर दिसणार नाहीत.

आकड्यात बघा. समजा तुम्ही चित्राच्या मधोमध आहात आणि गोळा दर फ्रेमला (पडद्यावर बदलणारं एकेक चित्र, सेकंदाला साधारण ६०) ४ पिक्सेल पुढे येतोय. गेम गिअरवर कडेपासून तुमच्यापर्यंत ८० पिक्सेल, म्हणजे २० फ्रेम, सेकंदाचा तिसरा हिस्सा. मास्टर सिस्टिमवर १२८ पिक्सेल, म्हणजे ३२ फ्रेम, अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर. माणसाला बघून ठरवायला आणि बोट हलवायला जो वेळ लागतो तो या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी संपतो. म्हणून एकीकडे बॉस अशक्य वाटतो आणि दुसरीकडे साधा.

संचाबद्दल: नव्या संचांत सहसा गेम गिअरची आवृत्ती असते. २०२३ च्या सॉनिक ओरिजिन्स प्लसमध्ये १२ खेळ आले, ते सगळे गेम गिअरचे. तुमच्याकडे कुठली आहे हे ओळखायचं तर चित्र थांबवा आणि जमिनीच्या ८ पिक्सेलच्या चौकटी आडव्या मोजा. २० भरल्या तर गेम गिअर, ३२ च्या आसपास भरल्या तर मास्टर सिस्टिम.

फ्रेमागणिक

झेड८० यांचं गणित बरोबर, त्यात एक भर घालतो. हा खेळ मास्टर सिस्टिमसाठी मुख्यतः युरोपात निघाला आणि तिथलं यंत्र सेकंदाला ५० फ्रेमवर चालतं. गेम गिअर कुठलाही असो, साधारण ६० वर. त्या काळच्या खेळांची सगळी हालचाल फ्रेमवर मोजलेली असते. त्यामुळे वरचे ३२ फ्रेम युरोपीय यंत्रावर ०.६४ सेकंद होतात. गेम गिअरच्या ०.३३ च्या जवळपास दुप्पट. लोक ‘सोपा आहे’ म्हणतात त्यात खिडकीचा वाटा आहे तसाच या संथपणाचाही आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

इम्युलेटरवर जेनेसिस प्लस जीएक्स हा कोर (एखाद्या यंत्राची नक्कल करणारा भाग) घेतला की ‘सिस्टिम रीजन’ असा पर्याय मिळतो. मास्टर सिस्टिमची प्रत चढवून तिथे पाल (युरोपची टीव्ही पद्धत) निवडा, ५० वर चालेल. एनटीएससी (अमेरिका-जपानची ६० ची पद्धत) निवडलंत तर तोच खेळ २० टक्के वेगाने पळेल. ब्राझीलमध्ये मास्टर सिस्टिम ६० वरच चालायची, त्यामुळे त्यालाही चुकीचं म्हणता येत नाही, पण बॉसशी झगडत असाल तर पालच ठेवा. रीजन बदलल्यावर खेळ पुन्हा सुरू करा.

तळघर

चौकटी मोजल्या, २० भरल्या. म्हणजे गेम गिअरच. टीव्ही मोठा असून काय उपयोग ते आता कळलं.

कोर उतरवून घेतला. त्यात ‘गेम गिअर एक्स्टेंडेड स्क्रीन’ असा एक पर्याय दिसतोय. तो चालू केला तर गेम गिअरचीच आवृत्ती मोठ्या खिडकीत खेळता येईल का? रंग मला गेम गिअरचे जास्त आवडतात.

झेड८०

दिसेल मोठी, पण खेळण्यालायक असेल असं नाही. गेम गिअर म्हणजे आतून जवळजवळ मास्टर सिस्टिमच. तोच झेड८० प्रोसेसर, तोच ३.५८ मेगाहर्ट्झ वेग. चित्र काढणारी चिपही आतल्या आत पूर्ण २५६ × १९२ चंच चित्र तयार करते आणि त्यातला मधला १६० × १४४ चा तुकडा स्क्रीनवर पाठवते. डावी-उजवीकडे ४८-४८ आणि वर-खाली २४-२४ पिक्सेल कापले जातात. एक्स्टेंडेड स्क्रीन ही कापलेली पट्टी उघडी करते, एवढंच.

गोम अशी की ती पट्टी कोणाला दिसणार नाही हे खेळ लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. मग तिथे नीट चित्र भरण्याचे कष्ट कशाला घेतील? जमीन सरकते तशा नव्या चौकटी खेळ खिडकीच्या कडेवरच भरत जातो, त्याच्या बाहेर मागच्या जागेचा उरलेला कचरा असतो. शत्रूही खिडकीच्या हिशेबाने जागे होतात, म्हणजे पट्टीत मध्येच काहीतरी उगवतं नाहीतर गायब होतं. बॉसच्या ठिकाणी गोळा थोडा आधी दिसला तरी खालची जमीन खरी की खोटी हा नवा प्रश्न उभा राहतो. चालू करून बघा जरूर, खेळ आतून कसा बांधला आहे हे त्यात फार सुंदर कळतं. खेळ संपवायला मात्र मास्टर सिस्टिमचीच प्रत.

रंगांबाबत तुमचं म्हणणं खरं आहे. दोन्हीकडे एका वेळी पडद्यावर ३२ रंगच, पण ते निवडायला गेम गिअरकडे ४,०९६ छटा आहेत आणि मास्टर सिस्टिमकडे ६४. आकाशात, पाण्यात हा फरक दिसतो.

चौकट

चित्राच्या प्रमाणाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. गेम गिअरचं १६० × १४४ बघून इम्युलेटरमध्ये ‘चौकोनी पिक्सेल’ ठेवू नका, सॉनिक काटकुळा दिसतो. खऱ्या यंत्राची काच ४:३ होती, तिचा प्रत्येक पिक्सेल उंचीपेक्षा १.२ पट रुंद. रिंगा गोल दिसल्या की समजा बरोबर बसलं.

मास्टर सिस्टिमच्या चित्रात डावीकडे ८ पिक्सेलची काळी पट्टी दिसली तर तो बिघाड नाही. चित्र सरकताना नव्या चौकटी तिथे घुसतात, तो सांधा लपवायला खेळ ती पट्टी झाकतात. गेम गिअरवर हाच सांधा खिडकीच्या बाहेर पडतो, म्हणून तिथे पट्टी लागत नाही.

फ्रेमागणिक

टीव्हीवर खेळताय म्हणून आणखी एक. बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंतचा उशीर आधी कमी करा. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नुसत्या त्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मग रेट्रोआर्क (असे कोर चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ‘रन-अहेड’ लावा, म्हणजे खेळ काही फ्रेम आधीच चालवून उशीर लपवला जातो. किती फ्रेमचं लावायचं ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. रन-अहेड बंद ठेवा, सॉनिक स्थिर उभा असताना ‘पी’ दाबून खेळ थांबवा, उडीचं बटण दाबून धरा आणि ‘के’ एकेकदा दाबत जा. प्रत्येक ‘के’ला एक फ्रेम पुढे सरकतो. ज्या फ्रेमला सॉनिक हलला त्यातून एक वजा करा, तेवढाच आकडा रन-अहेडमध्ये घाला. दुसऱ्या फ्रेमला हलला तर १. त्याहून जास्त घातलात तर उडीची पहिली मुद्राच गळते आणि चित्र उसळल्यासारखं दिसतं.

माळावरची_पेटी

आणि मूळ यंत्र घ्यायचं म्हटलं तर? गेम गिअरवर मास्टर सिस्टिमचं कार्ट्रिज लावता येतं ना?

झेड८०

येतं, मास्टर गिअर कन्व्हर्टर नावाचा जोड मिळतो. आतून यंत्र जवळजवळ एकच असल्यामुळे तो जोड साधाच आहे. यात खिडकी कापली जात नाही, पूर्ण २५६ × १९२ चं चित्र १६० × १४४ मध्ये दाबून बसवलं जातं. गोळे वेळेवर दिसतात, पण ३.२ इंचाच्या काचेवर सॉनिक मुंगीएवढा होतो आणि बारीक अक्षरं फुटतात.

जुनी गेम गिअर घेणार असाल तर आधी तिचे कपॅसिटर बघा. त्या काळचे पृष्ठभागावर बसवलेले कपॅसिटर गळतात. आधी आवाज बसतो, मग चित्र अंधुक होत जातं आणि शेवटी यंत्र सुरू होऊन लगेच बंद पडतं. आत तीन पट्ट्या असतात: मुख्य, वीजपुरवठ्याची आणि आवाजाची. बदलायचे तर तिन्हीवरचे बदला. जुने काढल्यावर खाली सांडलेला द्राव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्याशिवाय नवे लावू नका. तो तांब्याच्या रेघा खात राहतो आणि सहा महिन्यांनी तेच दुखणं पुन्हा येतं. शिवाय मूळ काच संथ आहे, वेगातल्या वस्तूमागे सावली ओढली जाते. या बॉसचा गोळा त्या काचेवर म्हणजे एक करडा फराटा.

चौकट

आता खुद्द बॉस. आवृत्ती बदलली तरी हे लागेलच.

किड्यावर उडी मारायची नाही. त्याला शिवलात की तुम्हीच मरता. त्याला मारतात ते गोळे, उतारावरून घरंगळत त्याच्यावर आपटले की त्याला इजा होते. म्हणजे तुमचं काम एकच, गोळ्यांना वाट देणं. बहुतेक जण उताराच्या वरच्या टोकाला चिकटतात, किड्यापासून लांब म्हणून. तीच चूक. तिथे गोळा कडेतून आत आल्याबरोबर तुमच्यावर असतो. मध्याच्या जरा उजवीकडे, किड्याच्या जबड्यापासून सॉनिकच्या दीड-दोन रुंदी सोडून उभे राहा, म्हणजे पूर्ण खिडकी तुमच्या डाव्या हाताला मोकळी मिळते. उतार खाली ओढतो, तेव्हा डावी कळ दाबून धरू नका, टिचक्या मारा. दाबून धरलीत तर वेग साठतो आणि गोळ्याच्या टप्प्यात स्वतःच घुसता.

गोळा आत आला की त्याचा पहिला टप्पा बघा. उंच उडाला तर त्याच्या खालून डावीकडे निघायचं, बुटका असेल तर जागच्या जागी वरून उडी. उडी मारल्यावर हवेत डावी कळ थोडी दाबा, नाहीतर उतरताना किड्याच्या तोंडात. एक गोळा गेला की लगेच मूळ जागेवर परता. पुढचा येईपर्यंत उसंत असते, ती परतण्यातच वापरायची.

तळघर

पाल, गेम मोड, रन-अहेड १. तिसऱ्या प्रयत्नात बॉस गेला. चौकटताई, उभं राहायची जागा बदलली त्याने सर्वांत जास्त फरक पडला. मग त्याच जागी उभं राहून गेम गिअरवरही करून बघितलं, तिथेही दोन गोळे सुटले, तिसऱ्याला मेलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

शेवटचे दोन प्रश्न. खरा शेवट मिळवायला काय लागतं? आणि बाकीचे ८-बिट सॉनिकही मास्टर सिस्टिमवरच खेळावेत का?

झेड८०

खरा शेवट: पहिल्या पाच झोनच्या दुसऱ्या ॲक्टमध्ये प्रत्येकी एक केऑस एमराल्ड (जादूचं रत्न) लपवलेला आहे. ते पाचही घेऊन गेलात तर स्क्रॅम्बल्ड एग झोनच्या बॉसकडून, सिल्व्हर सॉनिककडून, सहावा मिळतो आणि क्रिस्टल एग झोन उघडतो. एक जरी राहिला तर खेळ तिथेच संपतो आणि टेल्स सुटत नाही. म्हणजे दुसरा ॲक्ट घाईने संपवू नका. शोधायलाही मोठी खिडकीच बरी, वरचे कोनाडे त्यात आपोआप नजरेस पडतात.

दुसऱ्याचं उत्तर सरसकट हो असं नाही. पहिल्या ८-बिट सॉनिकच्या जंगल झोनचा दुसरा ॲक्ट घ्या. वर चढत जायचं असतं. मास्टर सिस्टिमवर चित्र वर सरकलं की पुन्हा खाली येत नाही, पाय घसरून चित्राबाहेर पडलात की मेलात, खाली जमीन असली तरी. गेम गिअरसाठी हे बदललं, तिथे चित्र तुमच्याबरोबर खाली येतं. तो ॲक्ट गेम गिअरवरच सोपा आहे. आणि १९९४ चा ट्रिपल ट्रबल तर फक्त गेम गिअरसाठीच निघाला.

चौकट

याच १६० × १४४ च्या खिडकीचं दुसरं उदाहरण म्हणजे गेम बॉय कलरवरचा १९९९ चा सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स. मूळ खेळ ज्यावर आला त्या एनईएसचं (निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या यंत्राचं) चित्र त्यात मावत नाही आणि मारिओ लहान केलेला नाही, पण वर-खाली कळ दाबून चित्र सरकवता येतं. उडी मारण्याआधी खाली बघून घ्यायची सवय लावली की तो छान जमतो.