मदत हवी आहे : इंग्रजी कवितेत ‘होम’ आणि ‘मंथ’ या शब्दांना यमक कसे शोधावे?

नमस्कार. मी साताऱ्यात राहते आणि गेली तीस-पस्तीस वर्षे मराठीत बालकविता लिहिते. त्यांतल्या बहुतेक वहीतच राहिल्या, ही गोष्ट वेगळी. माझी नात इंग्लंडमध्ये लीड्स येथे असते आणि येत्या जूनमध्ये तिला आठ वर्षे पूर्ण होतील. तिला मराठी समजते, पण वाचता येत नाही, म्हणून या वाढदिवसाला तिच्यासाठी इंग्रजीतच बारा ओळी लिहाव्यात असे मनात आले. व्याकरणाने फारसे अडवले नाही. अडवले ते यमकाने, आणि तेही माझ्या लक्षात आले नव्हते, नातीने दाखवून दिले.

कविता मी तिला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवली. तीन ठिकाणी तिने मला थांबवले. एका कडव्यात मी ‘आइज’ म्हणजे डोळे या शब्दाला ‘नाइस’ जुळवला होता, दुसऱ्यात ‘सिंगिंग’ला ‘रिंग’, आणि तिसऱ्यात ‘होम’ला ‘कम’. तिन्ही वेळा ती एवढेच म्हणाली, “आजी, हे जुळत नाही.” का जुळत नाही, हे तिला सांगता आले नाही, आणि सात वर्षांच्या मुलीकडून ती अपेक्षाही नाही. ‘होम’ आणि ‘कम’ यांच्या बाबतीत माझी चूक मला उमगली, कारण मी शब्द कागदावर पाहून जुळवले होते. दोन्हींच्या शेवटी ओ-एम-ई हीच अक्षरे आहेत. पण पहिल्या दोन जोड्या माझ्या कानाला आजही जुळतात.

चौथी अडचण माझी मलाच आली. ‘मंथ’, म्हणजे महिना, हा शब्द ओळीच्या शेवटी आला आहे आणि त्याला काही केल्या जोडीदार मिळत नाही. बंथ, कंथ, संथ असे करत मी सगळी मुळाक्षरे पालथी घातली. ‘संथ’ छान आहे, पण तो आपला आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे. ‘होम’ला अचूक यमके कोणती? जवळचे यमक म्हणून जे काही म्हणतात ते नक्की काय असते, आणि ते वापरणे रीतसर मानले जाते की ती कवीने घेतलेली सूट समजतात? आणि हे सारे शोधण्याची पद्धत कोणती? कृपया चॅटबॉटला विचारा असे सुचवू नये. विचारून झाले आहे. त्याने ‘होम’साठी सर्वांत आधी ‘पोएम’ सुचवला आणि नातीने तोही नापास केला.

प्रतिसाद १

ताई, आपल्या नातीचा कान बरोबर आहे आणि आपलाही बिघडलेला नाही. दोघींचे कान वेगवेगळ्या नियमांवर तयार झालेले आहेत, इतकेच. मराठीत आपण शब्दाचे शेवटचे अक्षर पाहतो, आणि कान मुरलेला असेल तर त्याच्या आधीचा स्वरही पाहतो. ‘पाणी’ला ‘गाणी’ शोभते, ‘कोणी’ जरा लंगडते. गझल लिहिणारे ज्याला अलामत म्हणतात ती हीच जागा. इंग्रजीत मात्र मोजणी सुरू होते ती शब्दातल्या ज्या स्वरावर शेवटचा ठळक आघात, म्हणजे उच्चारताना जोर, पडतो त्या स्वरापासून. तो स्वर आणि त्याच्यापुढचे सर्व ध्वनी हुबेहूब सारखे हवेत, आणि त्या स्वराच्या लगेच आधीचे व्यंजन मात्र वेगळे हवे. या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर ते अचूक यमक.

आता आपला ‘सिंगिंग’ घ्या. त्याचा आघात ‘सिं’वर आहे, म्हणून यमकाचा भाग धरायचा तो ‘इंगिंग’ असा, नुसता शेवटचा ‘इंग’ नव्हे. ‘रिंग’ची शेपटी मात्र ‘इंग’ एवढीच. त्यामुळे ‘सिंगिंग’ला ‘ब्रिंगिंग’, ‘स्विंगिंग’, ‘क्लिंगिंग’ चालतील आणि ‘रिंग’ला ‘किंग’, ‘विंग’, ‘स्प्रिंग’. मराठीत आघात हलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपले लक्ष तिकडे जातच नाही.

‘आइज’ची गोष्ट याहून बारीक आहे. लिहिताना तिथे एस असला, तरी उच्चार आपल्या ‘जवळ’ किंवा ‘जरा’ या शब्दांतल्या ज-च्या जवळ जातो. ‘नाइस’चा शेवट मात्र शुद्ध स-चा आहे. आपल्याकडे पुष्कळ जण दोन्हीकडे स-च म्हणतात. मीही चाळीस वर्षे वर्गात तसेच म्हणत आलो, मुलांनी ते निमूटपणे गिरवले आणि ते पाप माझ्या माथी आहे. ‘आइज’बरोबर ‘स्काइज’, ‘फ्लाइज’, ‘वाइज’, ‘सरप्राइज’ घ्यावेत. ‘नाइस’बरोबर ‘आइस’, ‘राइस’, ‘माइस’, ‘ट्वाइस’.

‘होम’साठी मी वहीत करतो ती युक्ती सांगतो. उजवीकडे ‘ओम’ हा शेवट कायम ठेवावा आणि डावीकडून व्यंजनमाला सरकवावी, म्हणजे बाराखडीच्या अगदी उलट; तिथे व्यंजन स्थिर राहते आणि स्वर फिरतो, इथे स्वर स्थिर आणि व्यंजन फिरते. क-ला ‘कोम’ येतो, म्हणजे कंगवा. त्याच्या शेवटचा बी लिहायचा, उच्चारायचा नाही. ट-ला ‘टोम’, म्हणजे जाडजूड ग्रंथ. ड-ला ‘डोम’, म्हणजे घुमट. न-ला ‘नोम’, म्हणजे तिकडच्या बागांमध्ये मांडतात तो दाढीवाला बुटका. त्याच्या आरंभीचा जी मूक आहे. फ-ला ‘फोम’, म्हणजे फेस. र-ला ‘रोम’, त्यात भटकणेही आले आणि इटलीची राजधानीही. ल-ला ‘लोम’, ही मातीची एक जात. मग जोडाक्षरे सुरू करावीत, की ‘क्रोम’ सापडतो. यादी करताना शब्द कसा लिहितात याकडे डोळे मिटून घ्यावेत. ‘कोम’, ‘फोम’ आणि ‘होम’ यांचे लेखन एकमेकांशी मुळीच जुळत नाही आणि तरी तिन्ही एकाच घरचे आहेत. ‘पोएम’ नापास झाला तो योग्यच झाला, कारण त्यात दोन स्वर आहेत आणि त्याची शेपटी ‘ओएम’ होते.

मराठी कवीला खटकेल अशी एक गोष्ट सांगायची राहिली. आधीचे व्यंजन वेगळे हवे ही जी अट आहे, तिच्यामुळे रात्र या अर्थाचा ‘नाइट’ आणि सरदार या अर्थाचा ‘नाइट’ ही जोडी इंग्रजीत फिकी समजली जाते. आपल्याकडे तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा आणणे हा तर यमक अलंकाराचा गौरव. मोरोपंतांची सारी हौस त्यावर उभी आहे. हा मोह इथे आवरावा लागेल.

प्रतिसाद २

मी ब्रॅडफर्डला राहतो, लीड्सच्या अगदी शेजारी, आणि माझी मुलेही इथल्याच शाळेत जातात, म्हणून ‘मंथ’विषयी लिहितो. रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांत त्याला अचूक यमकच नाही. ‘ऑरेंज’ आणि ‘सिल्व्हर’ यांचीही हीच ख्याती आहे. तेव्हा काकू, तुमची मुळाक्षरे वाया गेली असली तरी त्यात तुमचा दोष नाही.

जवळचे यमक म्हणजे वरच्या अटींपैकी एखादी सैल करणे. स्वर तोच ठेवून शेवटचे व्यंजन जवळच्या घरातले घ्यायचे, हा सर्वांत कानाला गोड लागणारा प्रकार. ‘होम’ला ‘स्टोन’, ‘अलोन’, ‘फोन’ चालतात ते यामुळे, कारण म आणि न दोन्ही नाकातून येतात. दुसरा प्रकार म्हणजे व्यंजन तेच ठेवून स्वर बदलायचा, जसे ‘होम’ आणि ‘रूम’, किंवा ‘होम’ आणि ‘टाइम’. ही सूट किंवा पळवाट नव्हे. अमेरिकेच्या एमिली डिकिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच अशी यमके राजरोस वापरली, आणि पहिल्या महायुद्धात ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, म्हणजे युद्धविरामाच्या एक आठवडा आधी मारले गेलेले विल्फ्रेड ओवेन यांनी दोन्ही बाजूंची व्यंजने तीच ठेवून फक्त मधला स्वर बदलण्याची रीत आपल्या युद्धकवितांत मुद्दाम आणली, कारण त्यातून येणारा किंचित बेसूरपणाच त्यांना हवा होता. मात्र लहान मुलांच्या कवितेत मूल घट्ट ठोक्याची वाट पाहत असते, म्हणून जवळची यमके जपून घालावीत.

‘मंथ’साठी ‘लंच’, ‘बंच’, ‘फ्रंट’, ‘हंट’ यांच्यापैकी काही पाहा. बऱ्याच ठिकाणी ‘वन्स’ सुचवलेला आढळेल, पण तो इकडे टाळा. उत्तर इंग्लंडमध्ये पुष्कळ जण त्याचा उच्चार ‘वॉन्स’कडे झुकवतात आणि मग ‘मंथ’शी असलेला स्वरच सुटतो. ‘कट’ आणि ‘पुट’ हे शब्द कोशात वेगळे असले तरी इकडे अनेकांच्या तोंडी जुळतात, आणि ‘पास’ हा शब्द इथे ‘गॅस’ला जुळतो पण लंडनमध्ये जुळत नाही. यमक कुणाच्या तोंडचे, हे आधी ठरवावे लागते.

त्याहून सोपा उपाय असा की ‘मंथ’ हा शब्द ओळीच्या पोटात ढकलावा आणि ‘जून’ शेवटी आणावा. ‘जून’ला ‘मून’, ‘ट्यून’, ‘सून’, ‘स्पून’, ‘बलून’, ‘आफ्टरनून’ असे कितीतरी शब्द आहेत. ‘जून’ आणि ‘मून’ ही जोडी इंग्रजीत फार घासलेली आहे, आपल्या ‘प्रीत’ आणि ‘गीत’ यांच्यासारखी, म्हणून ती तेवढी सोडावी.

प्रतिसाद ३

पद्धतीबद्दल थोडी भर घालतो. राइमझोन या संकेतस्थळावर शब्द दिला की यमके शब्दातल्या अवयवांच्या, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यांच्या (सिलॅबल), संख्येनुसार लावून मिळतात आणि जवळची यमके वेगळी पाहता येतात. स्वतः पडताळून पाहायचे असेल तर अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात १,३४,००० हून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येक स्वरापुढे आघाताचा आकडा दिलेला आहे, मुख्य आघाताला १, दुय्यम आघाताला २ आणि आघात नसेल तर ०. ‘होम’ची नोंद तिथे एचएच, ओडब्ल्यू१, एम अशी, म्हणजे ह, आघात असलेला ओ आणि म, अशी आहे. शेवटच्या १ आकड्याच्या स्वरापासून पुढचा भाग कापून घ्यावा आणि तोच भाग आणखी कोणत्या शब्दांत येतो ते पाहावे. पहिल्या प्रतिसादातला नियम संगणक असा पाळतो. कोश अमेरिकी उच्चारांचा आहे, हे मात्र विसरू नये. इंग्लंडमध्ये सहज जुळणारे ‘सॉस’ आणि ‘हॉर्स’ तिथे जुळत नाहीत, कारण अमेरिकी तोंडात ‘हॉर्स’मधला र वाजतो.

डोळ्यांनी यमक पाहण्याबद्दल जाता जाता सांगतो. जॉन वॉकर यांनी लंडनमध्ये १७७५ मध्ये काढलेला यमककोश शब्दांच्या उलट्या लेखनक्रमाने लावलेला आहे, म्हणजे त्यात ओ-एम-ईने संपणारे शब्द एकाच ठिकाणी येतात. ताईंनी केलेली चूक अडीचशे वर्षांपूर्वी कोशाच्या मांडणीतच सहज होऊ शकत होती.

धागाकर्तीकडून

सर्वांचे मनापासून आभार. व्यंजनमाला सरकवण्याची युक्ती मी दोन दिवस फळीवरच्या डब्यांची नावे घेऊन गिरवली आणि ती चांगली बसली. ‘होम’चे कडवे आता असे झाले आहे :

द मँगो ट्री बिसाइड अवर होम
इज व्हेअर द स्क्विरल्स लव्ह टु रोम

‘मंथ’ मी एकदा ‘लंच’शी बांधून पाहिला. मला तो आवडला, पण मोठ्याने म्हणताना शेवटी ठेच लागते, म्हणून नातीच्या बापासाठी राखून ठेवला आहे. वाढदिवसाच्या ओळी ‘जून’वर आणल्या :

यू केम टु अस वन रेनी जून,
अ फ्रॉग सँग आउट हिज बर्थडे ट्यून

काल कॉलवर पुन्हा सगळे वाचून दाखवले. यमकासाठी तिने या वेळी एकदाही थांबवले नाही. बेडूक गात नाही, तो नुसता ओरडतो, एवढे मात्र तिने ठामपणे सांगितले, आणि ती ओळ मी पुन्हा लिहायला घेतली आहे.