३० इंची बास : बोटांसाठी घ्यावा की आवाजासाठी?

खर्जातली

बास गिटार घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराने आधी माझी बोटं पाहिली, मग म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी छोटावाला काढतो." उंची पाच फूट, त्यामुळे रागावून उपयोग नव्हता. घेतला. आज तीन वर्षांनी वाटतं, सल्ला बरोबर होता, पण कारण साफ चूक होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (पोटावरची घोडी) जेवढी तार वाजते ती स्केल. १९५१च्या फेंडर प्रिसिजन या बास गिटारपासून ३४ इंच हे माप रूढ झालं. शॉर्ट स्केल म्हणजे साधारण ३०. आता टेप घ्या. पहिल्या फ्रेटपासून (मानेवरची धातूची आडवी पट्टी) चौथ्यापर्यंतचं अंतर ३४ वर सुमारे १३ सेंटिमीटर, ३० वर साडेअकरा. एवढ्या दीड सेंटिमीटरसाठी वाद्य बदलायचं? उभा ठेवून वाजवायचा मोठा डबल बास, तो वाजवणारे ४१-४२ इंचांवर वाजवतात, आणि ते सगळे काही पैलवान नसतात. खालच्या जागी ते पहिलं (तर्जनी), दुसरं आणि चौथं (करंगळी) बोट वापरतात, तिसरं नुसतं चौथ्याला टेकू देतं. तीच सवय बास गिटारवर लावली की लहान हात ही अडचण उरत नाही.

खरा फरक ताणाचा आहे. तार तीच, सूर तोच ठेवला तर ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे ३० वर तो सुमारे २२ टक्के कमी. तार बोटाखाली मऊ लागते, सुरुवातीचा 'टक' कमी होतो आणि मागचा 'डूम' भरून येतो. मला तो हवा आहे. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला हॉफनरचा शॉर्ट स्केल बास घेतला तो स्वस्त होता म्हणून, आणि दोन्ही अंगांनी सारखा असल्यामुळे डावखुऱ्याच्या हातात उलटा दिसत नव्हता म्हणून. बोटांचा प्रश्नच नव्हता.

चौतीसगुणी

दुकानदारावरचा राग समजू शकतो, पण 'मऊ तार' हा गुण कधीपासून झाला? सगळ्यात जाड, खालची ई तार ४१ हर्ट्झची. ताण कमी असताना जरा जोरात छेडली की सूर आधी वर उडतो, मग जागेवर येतो. रेकॉर्डिंगमध्ये ऐका, दारू प्यायल्यासारखा लागतो. त्यावर लोक उपाय करतात जाड तारेचा. आखूड आणि जाड तार म्हणजे अर्धी सळईच! तिचे वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर) मूळ सुराच्या नेमक्या पटीत बसत नाहीत, वर सरकतात. तुमचा 'डूम' मला गढूळ वाटतो तो त्यामुळे.

मिरजकर

आमच्याकडे मर्दानी तंबोरा असतो तसा बायकी तंबोराही असतो. लांबी कमी, भोपळा लहान. त्याला आजवर कुणी 'शिकाऊ तंबोरा' म्हटलेलं ऐकलं नाही. हा ३४ इंची अहंकार गिटारवाल्यांतच दिसतो. (हलके घ्या.)

चौतीसगुणी

@मिरजकर, दाखला सुरेख, पण तो माझ्या बाजूचा आहे. बायकी तंबोरा वरच्या पट्टीला लावतात. तार आखूड, सूर उंच, म्हणून ताण जमून येतो. इथे तार आखूड करून सूर मात्र तोच मागताय. काळी चारच्या तंबोऱ्यावर त्याहून खालची काळी एक पट्टी लावा आणि जवारी (तारेचा तो भरीव झंकार) कुठे जाते ते कळवा.

मिरजकर

मान्य. ती जवारी कुणाच्या बापाला बसायची नाही. दाखला मागे घेतो.

म्हापशेकार

अरे बाबांनो, सगळं खापर स्केलवर का फोडताय? गिब्सनचा जुना शॉर्ट स्केल बास ईबी-० गढूळ वाजतो, कारण त्याला एकच भलामोठा पिकअप (तारेचं कंपन टिपणारं चुंबक), तोही नेकला, म्हणजे मानेला, चिकटून. तिथून तळच जास्त येणार. ईबी-३ ला ब्रिजजवळ दुसरा पिकअप आला. जॅक ब्रूसने त्याच ईबी-३ वर क्रीम या रॉक बँडमध्ये जो गुरगुराट काढला, त्याला गढूळ म्हणायची कुणाची टाप आहे? बासवादक स्टॅन्ली क्लार्कचा ॲलेम्बिक बासही शॉर्ट स्केल, आणि त्याचा आवाज सुरीसारखा. म्हणजे ताईंचा 'डूम'सुद्धा सगळा ३० इंचांचा नाही.

माझी तक्रार वेगळीच. लग्नांत चार-चार तास उभं राहून वाजवतो. लोक सांगतात, शॉर्ट स्केल घे, खांदा वाचेल. वजन लाकडात असतं, स्केलमध्ये नाही! माझ्याकडे ईबी-३ च्या घाटाचा एक आहे. डावा हात सोडला की वाद्याची मान थेट जमिनीकडे. एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्याने गाढव धरायचं.

खर्जातली

@म्हापशेकार, पिकअपचं पटलं. माझ्या बासवर फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा आहेत, 'टक' त्यांनीही खाल्लाच असणार. ते लिहायला हवं होतं.

@चौतीसगुणी, ई तारेचंही खरं आहे. मी उजवा हात हलका केला, अँप वाढवला, तेव्हा ती ताळ्यावर आली. म्हणजे वाद्याने मला वळण लावलं, मी त्याला नाही. हे ज्याला आवडत नाही त्याने ३४ च घ्यावा, आणि स्लॅप करणाऱ्यानेही (अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्याने).

त्रास वेगळाच झाला. माझ्या शहरात शॉर्ट स्केलच्या तारा मिळेनात, म्हणून एका दुकानदाराच्या भरवशावर लांब संच आणून कापला. तारेचा बारीक केलेला शेवटचा भाग कापण्यातच गेला, जाड भाग खुंटीवर गुंडाळावा लागला आणि ई तारेचं वेटोळं सुटून आठवड्यात तार मेली. वाद्य घेण्याआधी तारा कुठे मिळतील ते बघा.

चौतीसगुणी

हे आधी लिहिलं असतंत तर मी वादच घातला नसता. तरी एक विचारतो. उद्या कुणी ईच्याही खालच्या बी सुरातलं काही मागितलं तर? ३१ हर्ट्झ. त्यासाठी लोक ३५ इंचांवर जातात, तुम्ही उलट्या दिशेला चाललात.

खर्जातली

आमचा कीबोर्डवाला डावा हात आवरत नाही. ईच्या खाली मला जागा असते कुठे?