गॅरेज आणि व्हॅन यांत हत्यारांची विभागणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे काम दोन ठिकाणी चालते. क्लच, सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन उतरवणे अशी मोठी कामे गॅरेजमध्ये होतात, आणि वाटेत बंद पडलेल्या गाड्यांकडे मला किंवा माझ्या मदतनिसाला व्हॅन घेऊन जावे लागते. हत्यारांचा संच मात्र मुळात एकच आहे. त्यात वेळोवेळी भर पडत गेली, पण कोणते हत्यार गॅरेजचे आणि कोणते व्हॅनचे हे कधी ठरलेच नाही. त्यामुळे निघताना ट्रॉलीचे खण उघडून अंदाजाने हत्यारे उचलली जातात आणि परत आल्यावर त्यांतली निम्मी व्हॅनमध्येच राहतात. मग गॅरेजमध्ये ब्रेक कॅलिपर खोलायला घेतला की चौदा मिलिमीटरचा रिंग पाना जागेवर नसतो, आणि व्हॅन बाहेर गेलेली असली तर काम तिथेच थांबते.

वेळ वाया जातो हे खरे, पण मला त्याहून अधिक काळजी कामाच्या दर्जाची वाटते. नेमकी गोटी (सॉकेट, म्हणजे नटावर बसणारे पान्याचे सुटे टोक) हाताशी नसली की माणूस जवळच्या मापाच्या पान्याने किंवा पकडीने काम भागवू पाहतो, आणि नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पाच मिनिटांच्या कामाला तास लागतो. गाडीमालकाने विश्वासाने सोपवलेल्या गाडीच्या बाबतीत असे होऊ नये, म्हणून ही व्यवस्था मला मुळापासून लावायची आहे.

सध्याची स्थिती सांगतो. गॅरेजमध्ये पाच खणांची चाकांवरची ट्रॉली आहे आणि ती बऱ्यापैकी लावलेली आहे. खरी अडचण व्हॅनमधल्या पेटीची आहे. ती खोल, लोखंडी आणि एकाच कप्प्याची आहे, त्यामुळे हत्यारे थरांवर थर साचत जातात. तळाशी जॅकचा दांडा, त्यावर हातोडी आणि छिन्न्या, त्यांवर रिंग पाने, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी फीलर गेज (बारीक फटी मोजायच्या पात्यांचा संच), ज्याच्या सर्वांत पातळ पात्यांचे कोपरे आता दुमडले आहेत. गोट्यांच्या पट्टीवर दहा, बारा आणि तेरा या जागा बहुतेक वेळा रिकाम्या दिसतात, कारण नेमकी हीच मापे दोन्हीकडे सतत लागतात.

मला तीन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे सर्व हत्यारे दुहेरी घेणे; पण पुलर, स्प्रिंग कॉम्प्रेसर यांसारखी जड आणि क्वचित लागणारी हत्यारे दोनदा घेऊन व्हॅनचे वजन वाढवणे मला पटत नाही. दुसरा म्हणजे एकमेकींवर बसणाऱ्या पेट्यांमध्ये सगळा संच ठेवून त्या पेट्याच गॅरेजमधून व्हॅनमध्ये नेणे. हा मार्ग दिसायला नेटका आहे, परंतु गॅरेजमध्ये एक जण काम करत असताना दुसरा व्हॅन घेऊन गेला तर काय करायचे, याचे उत्तर त्यात मिळत नाही. तिसरा म्हणजे काही हत्यारे दुहेरी आणि काही सामाईक ठेवणे. माझा कल याच मार्गाकडे आहे, पण रेष कुठे ओढायची हे मला ठरवता येत नाही.

तेव्हा ज्यांनी अशी दोन ठिकाणची व्यवस्था प्रत्यक्ष सांभाळली आहे, त्यांनी कृपया सांगावे की कोणती हत्यारे दुहेरी घेणे अटळ आहे, सामाईक हत्यार नेले-आणल्याची नोंद रोजच्या धावपळीत टिकेल अशी कशी ठेवावी, आणि व्हॅनमध्ये पेटी असावी, खण असावेत की कापडी गुंडाळ्या. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळण्याचा पाना) आणि मल्टिमीटर यांच्याविषयी कोणी वेगळे लिहिले तर विशेष उपयोग होईल.

प्रतिसाद १

आपला तिसरा मार्गच योग्य आहे. मात्र रेष हत्यारांवरून न ओढता कामांवरून ओढावी असे मी सुचवेन. रस्त्यावर आपण गाडी खोलायला जात नाही, ती का थांबली हे शोधायला आणि शक्य असेल तर तिला चालत्या स्थितीत आणायला जातो. बॅटरी उतरणे, टर्मिनल सैल होणे किंवा त्यावर क्षार चढणे, फ्यूज उडणे, पट्टा तुटणे, पाण्याचा पाइप फाटणे, टायर पंक्चर होणे, स्टार्टरच्या वायरचा संपर्क सुटणे, अशाच कारणांसाठी बहुतेक वेळा बोलावणे येते. या प्रत्येक कामासाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय हातात घ्यावे लागते हे एकदा कागदावर उतरवा. जे हत्यार त्या यादीत येईल ते व्हॅनसाठी वेगळे घ्या, मग ते गॅरेजमध्ये असो वा नसो. जे येणार नाही ते गॅरेजमध्येच राहू द्या.

माझ्या व्हॅनमध्ये पाव इंची आणि तीन अष्टमांश इंची असे दोन रॅचेट (गोटी फिरवण्याचे दांडे) आहेत, आठपासून एकोणीसपर्यंतच्या सहा कोनांच्या गोट्या आहेत, एक आखूड आणि एक लांब एक्स्टेन्शन आहे. सहा कोनांच्या गोट्या मी मुद्दाम ठेवल्या, कारण गंजलेल्या नटावर त्यांची पकड कोपऱ्यांवर न येता सपाट बाजूंवर येते आणि नट गोल होण्याची भीती कमी राहते. चाकांसाठी सतरा, एकोणीस आणि एकवीस या गोट्या आणि लांब दांडा वेगळ्या पिशवीत आहेत, म्हणजे पंक्चरसाठी जाताना एवढी एकच पिशवी उचलली तरी पुरते. पक्कड, नोज प्लायर, वायर सोलण्याचा आणि लग दाबण्याचा प्लायर, फ्यूज, वायरचे तुकडे, क्लॅम्प आणि टेप हे सगळे विजेच्या कामाच्या पिशवीत असतात.

मल्टिमीटर तर व्हॅनमध्ये स्वतंत्रच हवा. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवले आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर बॅटरी आणि अल्टरनेटर या दोघांवरचा संशय बराच कमी होतो. अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक ठरवतो आणि तो या पट्ट्याबाहेरही जाऊ शकतो, हे मात्र लक्षात ठेवावे. एवढी तपासणी दोन मिनिटांत होते आणि पुढे काय खोलायचे, किंवा काहीच खोलायचे नाही, हे ठरते. हे उपकरण गॅरेजमध्ये राहिले तर व्हॅनमधल्या बाकीच्या हत्यारांचा अर्धा उपयोग संपतो.

एक नियम मात्र कडक पाळावा लागेल: व्हॅनचे हत्यार गॅरेजच्या कामाला वापरायचे नाही, व्हॅन दारात उभी असली तरी नाही. व्हॅनच्या प्रत्येक हत्यारावर एका रंगाची पट्टी चढवा. ट्रॉलीत तो रंग दिसला की हत्यार चुकीच्या जागी आहे हे मदतनिसाला विचारावे लागत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, म्हणून मी फक्त ठेवण्याच्या पद्धतीविषयी लिहितो. खोल पेटी काढून टाका. व्हॅनमध्ये कमी उंचीचे खण असावेत आणि एका खणात हत्यारांचा एकच थर असावा, हीच माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण दुसरा थर आला की खालचे हत्यार असूनही नसल्यासारखे होते. खणाच्या तळाशी दोन रंगांचे फोम बसवा, वरचा काळा आणि खालचा पिवळा किंवा लाल. वरच्या थरात हत्याराच्या आकाराची जागा कापली की हत्यार नसताना खालचा रंग डोळ्यांत भरतो. निघण्यापूर्वी खण उघडून नुसती नजर फिरवली तरी काय राहिले ते कळते. फोम पॉलिथिलीनचा, बंद छिद्रांचा घ्यावा. मऊ स्पंजासारखा फोम तेल आणि पाणी शोषून घेतो आणि त्यात ठेवलेली हत्यारे खालच्या बाजूने गंजतात. कापडी गुंडाळी रिंग पान्यांसाठी चांगली, पण ओली झाली तर तिचाही हाच दोष आहे.

आता सुरक्षिततेविषयी, कारण हा भाग बहुतेक चर्चांमध्ये राहून जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी व्हॅन धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर त्या क्षणी तिचे सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ वीसपट असते. म्हणजे २५ किलोची पेटी जागेवर धरून ठेवायला सुमारे ५०० किलो वजनाइतका जोर पेलणारी बांधणी लागते. चालकाच्या मागे सुटी ठेवलेली हातोडीसुद्धा त्याच हिशेबाने पुढे येईल. म्हणून खणांचा सांगाडा व्हॅनच्या तळाला बोल्टने बसवा, खालून रुंद पट्टी द्या, आणि छिद्र पाडण्यापूर्वी खाली वाकून इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून गेले आहे ते पाहून घ्या. जड वस्तू सर्वांत खाली आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवा. खणांना कुलपे किंवा खटके असावेत, नाहीतर वळणावर ते उघडतात.

उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत तापमान फार वाढते. दाबाखालच्या स्प्रेच्या डब्यांवर ५० अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते, तेव्हा गंज सोडवण्याचा स्प्रे आणि ब्रेक क्लीनर कायम व्हॅनमध्ये ठेवू नयेत, निघताना उचलावेत. बॅटरीवर चालणाऱ्या रेंचच्या लिथियम बॅटरीचेही तसेच आहे, उष्णतेने तिचे आयुष्य लवकर घटते. आणि रात्री गाडी थंड झाली की आतल्या दमट हवेतले पाणी धातूवर धरते, म्हणून फीलर गेज, कानस आणि मापनाची साधने व्हॅनमध्ये ठेवायचीच असतील तर तेलाचा पातळ हात फिरवून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावीत.

प्रतिसाद ३

सामाईक हत्यारांच्या नोंदीबद्दल लिहितो. वही ठेवू नका. तेलकट हाताने कोणी लिहीत नाही आणि घाईत तर नाहीच. विमानांच्या देखभालीत यासाठी बिल्ल्यांची पद्धत वापरली जाते: प्रत्येकाकडे स्वतःचे बिल्ले असतात, हत्यार उचलताना त्याच्या रिकाम्या जागी आपला बिल्ला अडकवायचा, हत्यार परत ठेवताना तो काढून घ्यायचा. तिथे सर्व हत्यारे जागेवर आल्याशिवाय विमान सोडत नाहीत, कारण इंजिनाजवळ राहिलेला एक पानाही प्राणघातक ठरू शकतो. गाडीच्या इंजिनावर विसरलेला पाना पट्ट्यात किंवा पंख्यात गेला तर नुकसान काही थोडे नाही, त्यामुळे बॉनेट लावण्यापूर्वी रिकाम्या जागा मोजण्याची सवय आपल्यालाही उपयोगी पडते. आपण दोघेच असाल तर धातूचे पाच-पाच बिल्ले पुरतील. बिल्ले संपले म्हणजे आधी काहीतरी परत ठेवायला हवे, हे आपोआप कळते.

रंगीत पट्टीविषयी एक सूचना आहे. ती गोटीच्या बाहेरून लावल्यास अरुंद जागेत अडते आणि लवकर सुटते. गोट्यांवर रंगाचा ठिपका द्यावा किंवा कोरणीने खूण करावी, पट्टी दांड्यांसाठीच ठेवावी.

धागाकर्ता

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभारी आहे. कामांची यादी करायला घेतली आणि पहिल्याच बैठकीत लक्षात आले की व्हॅनमध्ये असलेली बरीच हत्यारे त्या यादीत येतच नाहीत. बॉल जॉइंटचा पुलर, मोठी छिन्नी आणि अर्ध्या इंची ड्राइव्हच्या मोठ्या गोट्या आता ट्रॉलीकडे जातील. उलट फ्यूज आणि क्लॅम्प दोन्ही ठिकाणी हवेत हे आधी सुचले नव्हते. खोल पेटी काढून तीन उथळ खण बसवण्याचे ठरवले आहे आणि बिल्ल्यांची पद्धत मदतनिसालाही पसंत पडली.

एक गोष्ट अजून सुटत नाही. टॉर्क रेंच माझ्याकडे एकच आहे, अर्ध्या इंची, आवाज करणारी. चाकाचे नट घट्ट करताना ती रस्त्यावर लागते आणि सिलिंडर हेडच्या कामाला गॅरेजमध्ये लागते. ती सामाईक ठेवावी का?

प्रतिसाद ४

सामाईक ठेवू नये. रोज व्हॅनमध्ये हादरे खाणाऱ्या रेंचवर हेडच्या बोल्टसाठी विसंबणे मला योग्य वाटत नाही. सध्याची रेंच गॅरेजमध्ये तिच्या स्वतःच्या डबीत ठेवा आणि व्हॅनसाठी चाकांपुरती दुसरी घ्या. अशा रेंचची अचूकता सहसा तिच्या पल्ल्याच्या २० टक्क्यांपासून वरच्या टोकापर्यंतच धरली जाते, त्यामुळे २०० न्यूटन-मीटरच्या रेंचवर दहा-बारा न्यूटन-मीटरचे छोटे बोल्ट आवळू नयेत. गॅरेजमध्ये पुढे कधी तरी तीन अष्टमांश इंची लहान रेंचही लागेल.

काम झाले की दोन्ही रेंच मापपट्टीवरच्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवाव्यात, म्हणजे आतली स्प्रिंग दाबाखाली राहत नाही. त्या आकड्याच्याही खाली मात्र फिरवू नयेत. घट्ट बसलेला नट सोडवायला टॉर्क रेंच कधीही वापरू नये, त्यासाठी लांब दांडा असतो आणि तो व्हॅनमध्ये रेंचच्या शेजारीच ठेवावा, म्हणजे मदतनिसाचा हात चुकून रेंचकडे जाणार नाही. आयएसओ ६७८९ या मानकानुसार, वापरणाऱ्याने स्वतःची वेगळी मुदत ठरवली नसेल, तर ५००० वेळा वापर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तपासणी करून घ्यायची असते. तपासणीची तारीख डबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि व्हॅनच्या रेंचसाठी ती मुदत थोडी आधीचीच धरा.